कॅमेऱ्याच्या डावीकडे

१

विषय : गंगोत्री सहकारी गृहनिर्माण संस्थेतील घर क्रमांक अकरा येथे अर्जदार व त्यांची पत्नी यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणी राहत नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : संस्थेच्या सचिवांनी अर्जदारास पाण्याच्या टँकरपाशी, चारचौघांदेखत दिलेली तोंडी समज.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की,

इथवर लिहून श्रीधरराव चौसाळकर अडले. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस ‘विनंती करण्यात येते की’च्या पुढे अडतो, ही मुळात लाजेची गोष्ट. नोकरीच्या काळात त्यांच्या हातून नाना तऱ्हेचे दाखले गेले होते. थकबाकी नसल्याचा, दुसरे घर नसल्याचा, एकाला तर दुसरी बायको नसल्याचासुद्धा. पण घरात माणूस नसल्याचा दाखला कधी कोणी मागितला नव्हता. मागितला असता, तर त्यांनी अर्जदाराला आधी गार पाणी पाजून घरी पाठवले असते.

उन्हाळा दोन हजार तेराचा होता. धरणाच्या पोटात तडे गेले होते आणि औरंगाबाद मात्र चहूकडे वाढत चालले होते. मुकुंदवाडीच्या पुढे, जिथे चार-पाच वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची, तिथे आता गंगोत्री सोसायटी उभी होती. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. घरोघर नळ बसवलेले होते, फक्त त्यातून पाणी यायचे राहिले होते. टँकर दिवसाआड यायचा आणि संस्थेने माणशी दोन हंडे ठरवून दिले होते. माणसे किती, यावर पाणी किती. म्हणून त्या उन्हाळ्यात सोसायटीत माणसे मोजण्याला फार महत्त्व आले होते.

चौसाळकरांच्या घरात माणसे दोन. श्रीधरराव आणि यमुनाबाई. याबद्दल श्रीधररावांच्या मनात तरी फाल्गुनापर्यंत शंका नव्हती.

२

सुरुवात झाली ती फोटोंपासून.

श्रीधररावांना तरुणपणापासून कॅमेऱ्याचा नाद. निवृत्तीनंतर करायला काही नसलेली माणसे देवाकडे वळतात किंवा शेजाऱ्यांकडे. हे कॅमेऱ्याकडे वळले. माघात ते अजिंठ्याला जाऊन आले, तेव्हा फर्दापूरला बन्सीच्या दुकानात चहाला थांबले. हा बन्सी एके काळी लेण्यांतल्या चित्रांच्या स्लाइड परदेशी पाहुण्यांना विकायचा. आता पाहुण्यांच्या फोनातच सगळी लेणी मावतात. त्याच्याकडे स्लाइडच्या कोऱ्या फिल्मचे रोळ पडून होते, तेही थंड पेयांच्या फ्रीजमध्ये.

“मुदत संपली ओ सायेब त्यांची,” बन्सी म्हणाला. “घेऊन जा. मला बाटल्यांला जागा हुईल.”

मुदत संपलेल्या वस्तूंविषयी निवृत्त माणसाला जो जिव्हाळा असतो, त्या जिव्हाळ्याने श्रीधररावांनी रोळ पिशवीत घातले.

स्लाइडच्या फिल्मची रसायने वेगळी, आणि ती आता शहरात मिळत नव्हती. साध्या रंगीत निगेटिव्हची मात्र एका बंद पडलेल्या लॅबवाल्याने भंगाराच्या भावात दिली. आता स्लाइडची फिल्म साध्या निगेटिव्हच्या रसायनात धुतली तर काय होते? यालाच क्रॉस प्रोसेसिंग म्हणतात, आणि मोठमोठे फोटोग्राफर ते मुद्दाम करतात. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याकडे पाठवावा तसे ते आहे. काम होते, पण मागितले होते ते होत नाही. सावल्या हिरव्या पडतात, उजेड पिवळा होतो, काळे आणि पांढरे एकमेकांवर धावून येतात. चेहरे तर असे निघतात की माणसाने आपल्याच जावयाला ओळखू नये.

रसायन अडतीस अंशांवर तापवावे लागते. चैत्रातल्या औरंगाबादेत तो प्रश्न नव्हता, बादलीतले पाणी आपसूकच तेवढे तापलेले असायचे. प्रश्न फिल्म नंतर धुवायचा होता.

“प्यायला पाणी नाही आणि हे फोटो धुताहेत,” यमुनाबाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या.

“फोटो नाही. फिल्म.”

“तिला काय अंगाला घाण येते का?”

“ते पाणी मी संडासला वापरतो. वाया नाही जात थेंबभर.”

“हो, तेवढंच राहिलं होतं. संडासलाही रंगीत.”

चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांचे भांडण कधी पूर्ण झाले नव्हते. रोज तहकूब व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी मागील पानावरून पुढे चालू.

३

फोटो काढायचे कोणाचे, हे मनकर्णाबाईंनी ठरवले. मनकर्णाबाई म्हणजे संस्थेचे सचिव अप्पाराव यांची आई. सोसायटी उभी राहिली ती जमीन त्यांचीच. त्यांचे यजमान गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला. त्यामुळे गावचा माजी पाटील गेली सहा-सात वर्षे हार घालून पकडलेल्या चोरासारखा बघत होता.

“माझं तसं नगं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “म्या जित्ती हाय तवर चांगला काढून ठिवा. टांगायचं तवा टांगतील.”

ही कल्पना सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना फार पटली. मरणाची भीती कोणाला वाटत नव्हती, ओळखपत्रावरच्या फोटोची सगळ्यांना वाटत होती. श्रीधररावांच्या पुढच्या खोलीत दुपारच्या उजेडात एकेक जण नवे धोतर, नवे लुगडे नेसून येऊ लागला.

खोली साधी होती. भिंतीशी खुर्ची, त्यावर बसणारा. समोर तिवईवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे श्रीधरराव. त्यांच्या पाठीशी मोठी खिडकी, तिच्यातून बसणाऱ्याच्या तोंडावर उजेड. श्रीधररावांच्या डाव्या हाताला, कोपऱ्यात, पाण्याचा माठ. माठावर झाकणी, झाकणीवर पितळी भांडे उपडे.

“इकडे बघा. काचेत. हलू नका,” श्रीधरराव म्हणायचे, आणि कॅमेऱ्यात डोळा घालायचे.

पहिला रोळ धुऊन, क्रांती चौकातल्या दुकानातून प्रिंट काढून आणले, तेव्हा अप्पारावांच्या घरी ते पाहण्याचा सोहळा झाला.

“मी अशी हिरवी कामून?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “कैरीवानी?”

“ती पद्धतच असते, मनकर्णाबाई. कलात्मक.”

“कलात्मक आसंल. पर माणूस आंब्याच्या सीझनला गेल्यासारखं वाटतंय.”

अप्पाराव वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. वस्तू उजेडात तिरकी धरून दोष शोधायची त्यांना सवय. त्यांनी प्रिंट तसाच धरला.

“रंगाचं जाऊ द्या काका. माय कॅमेऱ्यात बघतच नाय.”

श्रीधररावांनी चष्मा वर सरकवला. खरेच. मनकर्णाबाईंचा चेहरा समोर होता, पण डोळे डावीकडे, कोपऱ्याकडे गेले होते. आणि ओठांवर एक अर्धवट हसू होते. ओळखीचे नसलेले, पण घरात आलेले माणूस दिसले की बायका हसतात, तसले.

“म्या तं काचेतच बघत हुते,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या काचेतच बघत होत्या. श्रीधररावांनी स्वतः कॅमेऱ्यातून पाहिले होते.

४

माणसाची नजर भटकते. श्रीधररावांनी हे कारण स्वतःला दिले आणि स्वतःच मंजूर केले. मग त्यांनी उरलेले प्रिंट मांडले. रोळावर सात माणसे होती आणि सातही जण त्याच कोपऱ्याकडे बघत होते. सात म्हाताऱ्यांचे कशावरही एकमत होणे हीच संशयाची जागा होती. पाण्याच्या बैठकीत त्यांचे पाण्याच्या रंगावरही एकमत होत नसे.

माठाकडे बघत असतील, त्यांनी दुसरे कारण काढले. उन्हातून आलेला माणूस माठाकडे बघणारच.

पण हिशेब नीट लागेना, आणि न लागलेला हिशेब उशाशी घेऊन झोपणारा हा माणूस नव्हता. त्यांनी रीतसर चाचणी घेतली. शेजारचे बद्रीनाथ गुरुजी निवृत्त गणित शिक्षक. त्यांना हलू नका म्हटले की ते श्वाससुद्धा परवानगीने घेत. त्यांना खुर्चीत बसवले. एका कॅमेऱ्यात बन्सीची स्लाइड फिल्म, दुसऱ्या कॅमेऱ्यात साधी निगेटिव्ह. आळीपाळीने एकाच तिवईवर लावून फोटो काढले. दोन्ही फिल्म एकाच डब्यात, एकाच रसायनात, एकाच वेळी धुतल्या. यमुनाबाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून सरकारी पैशाने चाललेल्या कामाकडे बघावे तशा बघत होत्या.

साध्या फिल्मवर गुरुजी काचेत बघत होते, फळ्यापाशी उभे राहून वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावे तसे.

स्लाइडच्या फिल्मवर ते डावीकडे बघत होते.

श्रीधरराव दोन्ही प्रिंट घेऊन बराच वेळ ओट्यावर बसले. चुकीच्या रसायनात रंग चुकतात, हे कबूल. चुकणारच. पण रंग चुकला म्हणून बुबुळ कसे सरकेल? आणि सरकायचेच, तर सगळ्यांचे एकाच बाजूला का?

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी पट्टी लावून पाहिली आणि मग पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मनकर्णाबाई कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होत्या. गुरुजी माठाकडे बघत नव्हते. ते माठ आणि कॅमेरा यांच्या मधल्या जागेकडे बघत होते. तिथे काही नव्हते, फरशी होती. आणि नजर खाली नव्हती, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती.

५

पाणी कमी पडू लागले.

“तुमची ती फिल्म,” यमुनाबाई म्हणाल्या. दुसरे काही असण्याची शक्यताच त्यांनी ठेवली नाही.

श्रीधररावांनी फिल्म धुणे बंद केले. डबा, थर्मामीटर, बाटल्या माळ्यावर टाकल्या. तरी सकाळी काठोकाठ भरलेला माठ दुपारी हात घालावा तर तळाशी. खाली फरशी कोरडी, म्हणजे पाझरतही नव्हता. भांडे मात्र ओले असायचे. झाकणीवर उपडे ठेवलेले, पण ओले.

“तू आत्ता पाणी प्यालीस?”

“नाही.”

“मग भांडं ओलं कसं?”

“ओलं असेल तर कोणीतरी प्यालं असेल,” यमुनाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटत राहिल्या. या उत्तरात तर्कदोष नव्हता. म्हणूनच श्रीधरराव चिडले.

त्या आठवड्यात टँकरवाल्या सांडूने घोळ घातला. चौसाळकरांचे चार हंडे भरून झाले, तरी त्याने पाइप बाजूला केला नाही.

“अजून दोन आणा की काका.”

“आमचे चारच.”

“तीन माणसाचे सा.”

“आम्ही दोघंच आहोत, सांडू.”

“आन ते दारात उबे ऱ्हातात ते?”

“कोण ते?”

“आता मला काय म्हाईत काका तुमचं पाव्हणं. उबे ऱ्हातात, टँकरकडं बघत. लई तहानल्यावानी.”

रांगेतली तोंडे वळली. त्या उन्हाळ्यात वाळूजच्या कामगारांना चोरून भाडेकरू म्हणून ठेवायचे आणि त्यांच्या पाण्याचा भार सगळ्यांवर टाकायचा, हा सोसायटीतला मोठा गुन्हा झाला होता. अप्पाराव पुढे आले. ते श्रीधररावांचा मान ठेवायचे, म्हणून हळू आवाजात बोलले. पण हळू आवाज ऐकायला लोक जास्तच जवळ आले.

“काका, भाडेकरू ठिवायचा तं ठिवा. पण सांगून ठिवा.”

“अप्पाराव, मी तीस वर्षं नोकरी केली. एक पेन्सिल घरी आणली नाही. मी भाडेकरू लपवेन?”

“तसं नाय काका. पण माणसं बोलाय लागली. तुमी असं करा, लिहून द्या. आमी घर पाहून दाखला देतो, दोनच माणसं म्हणून. तवर तुमचं पाणी निम्मं. नियम सगळ्यांला सारखा.”

निम्मे म्हणजे दोन हंडे, दिवसाआड, वैशाखात. यमुनाबाईंना मूतखड्याचा त्रास. पाणी कमी झाले की त्या पोट दाबून भिंतीला टेकून बसतात आणि काही झाले नाही म्हणतात. मागच्या खेपेला दवाखान्यात न्यावे लागले होते. श्रीधररावांनी अपमान गिळला आणि घरी येऊन अर्ज लिहायला घेतला. दाखला मिळाला की पाणी मिळेल. शिवाय, हे त्यांनी कोणाला सांगितले नसते, पण या घरात दोनच माणसे आहेत असे कोणीतरी शिक्क्यानिशी लिहून दिले असते, तर त्यांना बरे वाटले असते.

६

अर्जात अडले तेव्हा त्यांनी चौकशी पूर्ण करायचे ठरवले. खात्याचा नियमच तो. निवेदनाआधी जबाब.

यमुनाबाई लसूण सोलत होत्या.

“यमुना, सरळ विचारतो. घरात कोणी येतं का?”

“आता विचारताय?” त्यांनी मान वर केली नाही. “होळीपासून येताहेत.”

श्रीधरराव खाली बसले.

“कोण?”

“मला काय माहीत कोण. भर उन्हाचे दारात आले, पाणी मागितलं. दिलं. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं का आता? दुष्काळ झाला म्हणून?”

“मग?”

“मग काय. तुमच्याकडं काम आहे म्हणाले. मी म्हटलं, बसा, येतील. तर बसले नाहीत, उभेच राहिले. तुम्ही आलात आणि त्यांच्या अंगावरून जाऊन कॅमेऱ्याशी खुडबुड करत बसलात.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

आता यमुनाबाईंनी वर पाहिले. चाळीस वर्षांची सगळी तहकूब भांडणे त्या बघण्यात होती.

“काय सांगायचं? तुमची सवयच ती. कचेरीत मी डबा घेऊन यायची तेव्हा बघायची ना. माणूस टेबलाशी तासभर उभा असला तरी तुमची मान कागदातून वर नाही. मला वाटलं, असेल कोणाचं जुनं काम. दाद देत नसाल. त्या बिचाऱ्यांनाही सवय असेल. येतात, पाणी पितात, तुमच्याजवळ उभे राहतात, ऊन कललं की नसतात.”

“दिसतो कसा?”

“कसा म्हणजे? माणसासारखा.”

“चेहरा, यमुना. चेहरा कसा आहे?”

यमुनाबाईंचा हात लसणाच्या पाकळीवर थांबला. त्या आठवू लागल्या. बराच वेळ आठवत राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर प्रथमच आठी दिसली.

“चेहरा,” त्या म्हणाल्या, “असा पाहिलाच नाही की. तोंडापुढं सारखं भांडं असतं.”

७

शेवटच्या रोळात एक फोटो उरला होता. तो यमुनाबाईंचा काढायचा असे श्रीधररावांनी ठरवले. आजवर त्या बसल्या नव्हत्या. मी काही टांगून घेणार नाही, म्हणायच्या. त्या दिवशी मात्र निमूट बसल्या. पोटात दुखत होते म्हणून असेल. घरात निम्मे पाणी येऊ लागून आठवडा झाला होता.

श्रीधररावांचे म्हणणे साधे होते. यमुनाबाईंना तो माणूस दिसतो, असे त्या म्हणतात. तर त्यांनी मुद्दाम काचेत बघावे. तरीही फिल्मवर नजर सरकली, तर दोष फिल्मचा. माणसाचा नाही. असे ठरले की एक कागद तरी निकाली निघेल.

“आहे का आत्ता?” कॅमेऱ्यात डोळा घालून त्यांनी विचारले.

“आहेत.”

“कुठं?”

“तुमच्या डावीकडं. अगदी जवळ. मान वळवा की जरा, म्हणजे संपेल एकदाचं.”

श्रीधररावांनी मान वळवली नाही. वळवून काही दिसले नसते, याची त्यांना खात्री होती. आणि खात्री असताना वळवायचे कशाला? असा त्यांचा युक्तिवाद. दुपार इतकी शांत होती की पंख्याची करकर थांबल्यावरच वीज गेल्याचे कळले. मग त्या शांततेत त्यांना घोट ऐकू आला. कोणी तरी घाईने, न थांबता, घशाचा आवाज करत पाणी पीत होते. यमुनाबाईंचे ओठ मिटलेले होते, ते तर कॅमेऱ्यात दिसतच होते.

त्यांनी बटण दाबले.

माळ्यावरून डबा-बाटल्या उतरवून ती फिल्म त्यांनी स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात धुतली. निगेटिव्ह घेऊन क्रांती चौकातल्या दुकानात गेले. तिथे संगणकावर सोनिया नावाची मुलगी बसते. लग्नाच्या अल्बममधून नको असलेले नातेवाईक पुसून टाकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

फोटो पडद्यावर आला. हिरवा, पिवळा, जळजळीत. यमुनाबाई काचेत बघत होत्या. नजर सरळ, जरासुद्धा सरकलेली नाही. ठरवलेल्या हिशेबाने हे उलटे होते, पण सरळ नजर पाहूनच श्रीधररावांनी कित्येक दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

“डोळे जरा मोठे करून दाखव, बेटा. नीट बघत आहेत ना, तेवढं बघू.”

सोनियाने मोठे केले. डोळा पडद्यावर आला. फोटोत माणसाच्या बुबुळावर उजेडाचा एक ठिपका पडतो. तो असेल तर डोळा जिवंत वाटतो. इथे तो ठिपका म्हणजे खोलीची खिडकी होती, बारीक, वाकडी, पण स्पष्ट. या फिल्मचा गुणच तो, उजेड आणि काळोख एकमेकांपासून तोडून ठेवणे. खिडकीच्या चौकटीत तिवई होती. तिवईवर वाकलेला एक माणूस, म्हणजे श्रीधरराव.

“हे तुम्ही, काका,” सोनिया म्हणाली. “आन तुमच्या मागं हे कोण?”

कचेरीत अर्जदार येतो, टेबलाच्या बाजूला उभा राहतो, आणि आपला कागद कुठवर आला हे पाहायला कारकुनाच्या खांद्यावरून वाकतो. त्याचे वाकणे वेगळेच असते. अंग मागे, मान पुढे. श्रीधररावांनी ते वाकणे आयुष्यभर डोळ्यांच्या कडेने पाहिले होते. ते त्यांना कुठेही ओळखता आले असते.

तोंडाच्या जागी गोल, चकचकीत काही होते. भांड्याचा तळ.

“रंगाचा दोष आहे तो,” श्रीधरराव म्हणाले. “चुकीच्या रसायनात धुतलं की होतं असं.”

सोनियाने आणखी मोठे केले, आणि पुन्हा लहान केले.

“रंगाचा दोष पाणी पितो का काका?” तिने विचारले. चेष्टेत विचारले, पण उत्तराची वाट न पाहता तिने तो फोटो बंद केला, आणि पुसून देऊ का, हे नेहमीचे विचारायचे ती विसरली.

८

अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी पूर्ण केला. अडले नाही. तपशील गाळायचे ठरवले की अर्ज लिहायला सोपा जातो. ‘सदर घरात उपरोक्त दोन व्यक्तींखेरीज कोणीही राहत नाही, करिता तसा दाखला मिळावा.’ खाली दोघांच्या सह्या. यमुनाबाईंनी सही करताना एकदा कोपऱ्याकडे पाहिले, अवघडल्यासारखे, पाहुण्यासमोर त्याच्याविषयी बोलावे लागल्यासारखे.

अप्पाराव रविवारी दुपारी पाहणीला आले. चपला बाहेर काढल्या, आतली खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिले, माळ्यावर बॅटरी मारली. मोरीत डोकावून म्हणाले, “लई स्वच्छ ठिवलंय काकू.” दुसऱ्याचे अंथरूण नाही, कपडे नाहीत, चपला नाहीत. श्रीधरराव प्रत्येक खोलीत त्यांच्या मागे उभे राहून खोली रिकामी असल्याचा आनंद घेत होते.

“पटलं?” त्यांनी विचारले.

“पटलं की काका. मला आधीपासूनच पटलं हुतं. लोकांसाठी करावं लागतं.”

ते पुढच्या खोलीत येऊन बसले. अप्पाराव भिंतीजवळच्या खुर्चीत, फोटोच्या. श्रीधरराव समोर, टेबलाशी, अर्ज पुढ्यात घेऊन, पाठीला खिडकी. यमुनाबाई पाणी घेऊन आल्या. ताटलीत भांडी तीन होती. त्या स्वतः पीत नसत पाहुण्यांबरोबर. श्रीधररावांनी भांडी पाहिली आणि अर्जाची घडी सरळ केली. बाईमाणसाने एखादे भांडे जास्त आणले, तर तो काही पुरावा होत नाही.

अप्पारावांनी एक उचलले. एक श्रीधररावांनी. तिसरे ताटलीत राहिले. थोड्या वेळाने अप्पारावांनी ताटली उचलून सहज बाजूला पुढे केली, पंगतीत शेजारच्याला वाढून घ्या म्हणावे तशी.

श्रीधररावांनी कागद अप्पारावांकडे सरकवला. “मग इथं शेरा लिहा, सही करा. दोन व्यक्ती. उद्यापासून आमचे चार हंडे पूर्ववत.”

अप्पारावांनी अर्ज वाचला, खिशातून पेन काढले, टोपण काढले, आणि थांबले.

“एकच हाय काका. अर्ज बराबर हाय. पण घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या लागत्यात. ह्याच्यावर दोनच हायत.”

“दोनच माणसं आहेत, अप्पाराव. तुम्ही आत्ता पाहिलंत.”

“व्हय, पाहिलं ना,” अप्पाराव म्हणाले. ते हसले. हसताना त्यांची नजर श्रीधररावांच्या तोंडावरून सरकली आणि डाव्या खांद्याच्या जरा वर जाऊन थांबली. हसू अर्धवट होते. ते श्रीधररावांना पाठ होते. हिरव्या रंगात, मनकर्णाबाईंच्या ओठांवर त्यांनी ते भिंगातून तपासले होते. “त्यांची बी घ्या. मग मी लगेच लिहून देतो. दोनच माणसं म्हणून.”

“कोणाची?”

अप्पारावांना प्रश्न कळला नाही. त्यांनी टोपण पेनाला लावले, पेन खिशाला लावले आणि उठले. दाराशी जाऊन चपला घालताना त्यांनी मागे वळून नमस्कार केला. एकदा श्रीधररावांना, एकदा काकूंना. आणि मग, मोठ्या माणसाला करतात तसा, थोडे वाकून, आणखी एकदा.

ताटलीत तिसरे भांडे रिकामे होते.

यमुनाबाई पोट दाबून भिंतीला टेकल्या होत्या. “करू द्या ना त्यांना सही,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासाठी तर आलेत. एकदा मान वर करून बघा, काय काम आहे ते विचारा.”

श्रीधररावांनी कागदातून मान वर केली नाही. डाव्या खांद्याजवळ गारवा होता, ओल्या मातीच्या माठाजवळ असतो तसा, आणि कोणीतरी अर्ज वाचत होते. कारण ‘कोणीही राहत नाही’ या ओळीवर पाण्याचा एक थेंब पडला, शाई पसरली, आणि दुसरा थेंब सह्यांच्या खाली, मोकळ्या जागेत पडला.

गंगोत्री सोसायटीत घर क्रमांक अकराला अद्याप दिवसाआड दोन हंडे पाणी मिळते. अर्ज टेबलावर आहे. एका सहीअभावी प्रलंबित आहे.